सात पायऱ्यांखालचं भोजन

एकदा एक रविवार असा उजाडला, की सकाळपासून कोरडा वारा सुटलेला आणि चर्चच्या अंगणात धुळीच्या नुसत्या गिरक्या. त्या चर्चला सात पायऱ्या. खालच्या पायरीशी शांतवनमामा बसलेले. लहानपणापासून दोन्ही पाय लुळे. हातमशीनवर गावाचे कपडे शिवायचे. रीत अशी, की वर सगळ्यांचं प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर खाणं, उरकलं म्हणजे चर्चचे धर्मगुरू पाळकबाबा यांचा शिष्य उरलेला भाकरीचा तुकडा मामांना खाली आणून देई. शिष्य मामांचा शेजारीच.

त्या दिवशी मामा म्हणाले, "आज सगळ्यांबरोबर घ्यायचंय, बाळा. दोघं बोलाव, मला वर उचला."

शिष्याच्या अंगी नवं ज्ञान, की विश्वास असला तर प्रार्थनेने लुळाही चालतो. उचलायचं कशाला, असं त्याला वाटलं. त्याने मामांच्या मस्तकी हात ठेवला. "ऊठ! विश्वासाने ऊठ!" लोक जमले. तीनदा ओरडून झालं, मग त्याने काखेत हात घालून मामांना उभंच केलं. हात सोडले, तसे मामा पायरीवर आदळले. कोपर फुटलं.

"विश्वास कमी पडला," शिष्य म्हणाला.

"कुणाचा रे?" गर्दीतल्या मार्थाबाई कडाडल्या. "मामांचा तर तुझा पायजमा शिवताना पुरला होता!"

लोक हसले. मामा मात्र खाली मान घालून धूळ झटकत राहिले.

पाळकबाबा बाहेर आले. त्यांनी सगळं पाहिलं. चौघांकरवी प्रभुभोजनाचं मेज त्यांनी पायऱ्या उतरवून अंगणात मांडलं, भाकर मोडली आणि पहिला तुकडा मामांच्या हाती दिला.

"बाबा, पवित्र मेज मातीत?" कुणीतरी कुरकुरलं.

पाळकबाबा म्हणाले, "अरे, बायबलातल्या त्या पक्षाघाती माणसाला प्रभूकडे आत शिरायला वाट मिळेना, तेव्हा चौघांनी घराचं छप्पर उसकटलं. प्रभू छपराविषयी चकार शब्द बोलला नाही. आपण मात्र पायऱ्या जपल्या, आणि विश्वास विचारतो तो खाली बसलेल्याला. या पोराला एकट्याला दोष देऊ नका. तीस वर्षं मीही वरच भाकर मोडत आलो."

शिष्य सगळ्यांच्या मागे जाऊन बसला.

दुपारी तो शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. कोपराला चिंधी बांधून मामा शिवत होते.

"मामा, चुकलो."

मामांनी चाक थांबवलं. त्याच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे.

"कामाला बसलो की पायांची आठवणसुद्धा होत नाही रे मला. आज साऱ्या गावासमोर तू ती करून दिलीस."