महाराजांच्या नावाइतका वेळ

"अजून उघडला नाही?" सोनवडचे महाराज गजकर्णसिंह सिंहासनावरून गरजले.

"उघडतोय, महाराज," शेवंता म्हणाली. दरबारचा संगणक तिच्या ताब्यात होता.

संगणकात नवी सिस्टीम घातली होती. प्रधानजींनीच तिची टिमकी वाजवली होती : चुटकीसरशी सुरू, चुटकीसरशी बंद! दुकानात तसं झालंही. पण संगणकाने दरबारात पाऊल ठेवताच महाराजांचं फर्मान निघालं, "आधी माझी बिरुदं, मग काम!" तेव्हापासून बटण दाबलं की पडद्यावर एकेक बिरुद झळके, प्रत्येकाला तुतारी वाजे. बंद करतानाही तीच वरात, फक्त उलटी! दाखल्यासाठी आलेली माणसं ओसरीवर बसल्या बसल्या घोरू लागत.

"महाराज, सिस्टीम चपळ आहे हो," शेवंता म्हणाली, "पण तिच्या डोक्यावर बिरुदांचं गाठोडं आहे."

"जीभ आवर!" प्रधानजी ओरडले. महाराजांच्या आधी रागावायची त्यांना सवयच होती.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "एकही बिरुद गाळायचं नाही! आणि उद्या मी माझं नाव उच्चारून होण्याआधी संगणक कामाला लागला पाहिजे. मी सिंहासनावरून उठून उभा राहण्याआधी बंद झाला पाहिजे. नाहीतर गाढवावरून धिंड!"

शेवंता मनात हिशेब करू लागली. 'गजकर्णसिंह' म्हणायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यात पहिली तुतारीसुद्धा पुरी वाजत नाही! घरी तिला घास गिळवेना. पण भाकरी मोडता मोडता ती एकाएकी थांबली आणि खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. शेवंताने मुजरा केला. "एक शंका आहे, महाराज. दरबारात कुणी आपलं नुसतं नाव घेतलं तर?"

"फटके!" प्रधानजी ताडकन म्हणाले. "नाव घ्यायचं ते सगळ्या बिरुदांसकट!"

"आणि खुद्द महाराजांनी?"

"नुसतं नाव घ्यायला मी काय वाटेवरचा गोसावी आहे?" महाराज फणकारले. "बिरुदांसकटच!"

"मग करावी सुरुवात!" म्हणत शेवंताने बटण दाबलं.

महाराजांनी छाती फुगवली. "शत्रुकुलदावानल! समरभूमिशार्दूल! याचक... याचक..."

अडलं घोडं! जन्मभर दुसऱ्यांनी म्हटलेली बिरुदं, स्वतःला पाठ कशी असणार? "याचककल्पवृक्ष!" प्रधानजी कुजबुजले. "छे, त्याआधी विद्याविलासवाचस्पती!" भालदार म्हणाला. दोघांची जुंपली. महाराजांना ठसका लागला, पाणी आलं, मिशा पुसून झाल्या. तोवर संगणकाने शेवटची तुतारी फुंकली, आणि शेवंताने एका म्हातारीच्या हाती तिचा दाखला ठेवलासुद्धा!

महाराज अजून कल्पवृक्षालाच लोंबकळत होते.

"आता उठावं, महाराज," म्हणत शेवंताने संगणक बंद करायला घेतला.

महाराज घाईघाईने उठू लागले, तोच राजजोशी धावले. "थांबा! मुहूर्त पाहिल्याशिवाय उठायचं नाही, ही आपलीच आज्ञा!" जोशीबुवा बोटांची पेरं मोजत राहिले. महाराज अर्धे बसलेले, अर्धे उठलेले, तसेच वाकून राहिले. इकडे उलटी वरातही संपली आणि पडदा काळा झाला.

"हा कावा आहे!" महाराज किंचाळले.

"कावा कसला? एक तरी बिरुद गाळलं का मी?"

"अगं, पण मला माझ्या नावापर्यंत पोचताच आलं नाही!"

"महाराज," शेवंता शांतपणे म्हणाली, "ओसरीवरच्या माणसांना तर तुमच्या नावापलीकडे कधी पोचताच आलं नाही!"

प्रधानजींनी ओरडायला तोंड उघडलं, पण आज महाराजांचा रागच दिसेना, तेव्हा ते तसंच मिटलं. महाराज मटकन सिंहासनात बसले. आधी पोट हललं, मग मिशा, आणि मग असा हास्याचा गडगडाट झाला की झुंबरं किणकिणली!

"काढून टाक ती वरात! सगळी!"

बिरुदं निघाली. शेवंताने बटण दाबलं आणि संगणक खरोखरच चुटकीसरशी उघडला. महाराजांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून तिच्या हातावर ठेवला, आणि ओसरीवरच्या साऱ्यांचे दाखले त्याच दिवशी द्यायचा हुकूम सोडला.