खोगिराखालची शिफारस

सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत, ऐन वेशीत, सगळ्या रयतेसमोर सोनटेकच्या रणधीर महाराजांचा घोडा खाली बसला! उठेचना. महाराज पायी देवळात गेले आणि परत आले ते लालबुंद होऊनच.

"पागेचा तिसरा दारोगा हाकलला!" ते दरबारात गरजले. "तिघेही शिफारसपत्रं घेऊन आले होते. एक कुणाचा मेहुणा, एक कुणाचा साडू! घोड्यांचा चारा कुणी खाल्ला?"

कारभारी नागोपंत खाली बघू लागले. मेहुणा त्यांचाच होता.

"आता दवंडी पिटा! नव्या दारोग्यानं शिफारस आणावी. पण शिफारस करणारा असा हवा, जो लाच घेऊन शब्द फिरवत नाही, कुणाच्या बापाला घाबरत नाही आणि ज्याला गोड बोलता येत नाही. खोटी शिफारस आणणाऱ्याची गाढवावरून धिंड!"

"असा माणूस पृथ्वीवर नाही, महाराज," नागोपंत म्हणाले.

"मग पागा रिकामी राहील!"

दवंडी कुंभारवाड्यात पोचली तेव्हा राही गाढवांना पाणी पाजत होती. ज्या तळ्यातली माती कुंभार आणत, ते तळं राजबागेत गेलं होतं. चाक थांबलं होतं. पाच गाढवं दाराशी उभी राहून खात होती, आणि तिचे वडील भागोजी आठवड्याच्या बाजारी ती चुनाभट्टीवाल्याला द्यायला निघाले होते. भट्टीवर गेलेलं गाढव वर्षभर टिकत नाही, हे राहीला ठाऊक होतं.

"आबा, बाजाराला चार दिवस आहेत ना? मी नोकरी बघते. पागेतली."

"खुळी का काय! राजवाड्यात ओळख लागते, पोरी. आपली ओळख कोण?"

"ओळख नसली तर काम दाखवायचं."

"आणि शिफारस?"

राहीनं सगळ्यांत थोरल्या गाढवाच्या पाठीवर थाप मारली. त्याचं नाव शहाण्या. "हा करील की!"

दुसऱ्या दिवशी दरबारासमोरच्या चौकात दोघंच उमेदवार उरले होते. एक रुस्तुमराव, नागोपंतांचा भाचा. रेशमी झूल घातलेल्या उमद्या घोड्यावरून तो आला होता. दुसरी राही, शहाण्याची दोरी धरून.

"महाराज, माझी शिफारस टेकडीवरच्या मौनीबाबांनी केली आहे," तो म्हणाला. "ते बोलतच नाहीत, मग गोड कुठून बोलणार! मी विचारलं आणि त्यांनी मान हलवली. शिवाय हा घोडा बघा. पाच वर्षं माझ्याच हाताखाली आहे."

"वा!" नागोपंत म्हणाले.

"आणि तू गं?" महाराजांनी विचारलं. "घोड्यांचा अनुभव?"

"नाही महाराज. गाढवांचा आहे, सहाव्या वर्षापासून."

दरबार खदखदून हसला. राही थांबली आणि हसू ओसरल्यावर म्हणाली, "घोडा दुखावला तर मिरवणुकीत बसतो आणि सगळ्यांना कळतं. गाढवाचं दुखणं कुणी विचारत नाही, ते आपणच बघावं लागतं. मी बघायला शिकले."

महाराज जरा पुढे सरकले. "शिफारस कुणाची?"

"याची!" तिनं शहाण्याला पुढे घेतलं.

"हा दरबार आहे की उकिरडा?" नागोपंत ओरडले.

"पंत, तुम्हीच पारखून घ्या ना! लाच देऊन बघा."

महाराजांनी मान डोलावताच पंतांनी मूठभर गूळ मागवला आणि त्यातला एक खडा गाढवासमोर धरला. शहाण्यानं तो मटकावला. पंतांनी त्याला आपल्याकडे ओढलं, तशी त्यानं एक लाथ झाडली! पंत थोडक्यात वाचले, पण पगडी गेली. शहाण्या शांतपणे राहीशेजारी जाऊन उभा राहिला.

"गूळ खाल्ला, शब्द फिरवला नाही," राही म्हणाली. "घाबरतो का, ते पंतांनी पाहिलंच. आणि आवाज म्हणाल तर..."

शहाण्या असा काही ओरडला की महाराजांनी कानांवर हात ठेवले. "पुरे, पुरे! गोड बोलता येत नाही, हे पटलं. पण याची शिफारस वाचायची कशी?"

राहीनं गाढवाच्या पाठीवरची गोणपाटाची गादी उचलली. "इथं वाचा, महाराज. अकरा वर्षं यानं माती वाहिली आहे."

महाराज खाली उतरले. त्यांनी स्वतः हात फिरवून पाहिला. ना जखम, ना घट्टा, ना काठीचा वळ. केस गवतासारखे दाट.

"वरच्यांची शिफारस कुणीही आणतं," राही म्हणाली. "मी हाताखालच्याची आणली आहे. आता रुस्तुमरावांचीही तशीच वाचू या का? झूल काढा आणि खोगीर उचला."

"घोडा... बुजरा आहे!" रुस्तुमराव चाचरला.

"उचला!" महाराज म्हणाले.

झूल निघाली, खोगीर निघालं. खाली तळहाताएवढी जखम, तिच्यावर राख चोपडलेली. घोडा थरथरला. रुस्तुमराव मागे सरकला.

"गाढव आणा!" महाराज कडाडले. "याची धिंड काढा!"

सगळ्यांच्या नजरा शहाण्याकडे वळल्या. शिपाई पुढे आले. राही मधे उभी राहिली.

"महाराज, गुन्हा यांचा. मग ओझं माझ्या गाढवाला का?"

महाराजांनी आधी गाढवाकडे पाहिलं, मग रुस्तुमरावाकडे, आणि ते पोट धरून हसत सुटले! "खरंच की! शिफारस करणाऱ्याला शिक्षा कशाला? अरे, या रुस्तुमरावाच्या डोक्यावर खोगीर द्या आणि चालवत न्या. घोडा मोकळा चालेल, मागून!"

मग डोळे पुसत ते म्हणाले, "राही, पागा तुझी. काय हवं ते माग."

"माझी पाचही गाढवं पागेत राहतील. आणि पगार मागच्या दारोग्याइतकाच हवा. मुलगी म्हणून अर्धा नको!"

"ज्यानं घोडे उपाशी ठेवले, त्याला तेवढा आणि तुला अर्धा? दिला! आणखी काही?"

राहीनं पगडी शोधणाऱ्या पंतांकडे पाहिलं. "पंतांच्या मुठीत थोडा गूळ राहिलाय, महाराज. तो त्या घोड्याला द्या."