टाकीखालची सतरंजी

“आता तरी म्हणा, उस्ताद. बसला ना हात माझा?”

हरीश पांचाळने विचारलं आणि दस्तगीर उस्तादांनी नुसतेच डोळे पुसले. रडत नव्हते ते. जन्मभर वेल्डिंगचा लखलखाट बघून डोळ्यांना पाणीच लागलं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची शेड. गेट, ग्रिल, जिने, सगळं तिथंच व्हायचं. आता उस्ताद थकले होते. मिरजेला लेकीकडे जायचं म्हणत होते. हाताखाली शिकलेल्या हरीशला त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, तुझा हात बसला असं माझ्या तोंडून निघालं की शेड तुझी. नाही निघालं तर शटर ओढून मी जाणार, माझ्या नावाखाली कच्चं काम नको.

आणि ते शब्द काही निघत नव्हते.

म्हणून हरीशने गुळवणींचा स्टँड जीव ओतून केला. गुळवणी आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. निवृत्त झाल्यापासून माशांचं वेड. त्यांनी दिवाणाएवढी काचेची टाकी आणली, तिच्यासाठी हा लोखंडी स्टँड. स्टँड बसला, टाकी चढली, काठोकाठ पाणी भरलं. मासे अजून जुन्या टाकीतच होते.

मी चहा घेऊन गेले होते. खरं म्हणजे बघायलाच.

“वर म्हशी उभ्या करा,” हरीश म्हणाला. “आणि जोड शोधून दाखवा.”

जोड खरंच दिसत नव्हता. स्टँड जणू एकसंध ओतून काढलेला. वर चकचकीत काळा रंग.

उस्तादांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“लोण्यासारखं आहे.”

“मग?”

उस्ताद भिंतीला टेकून खाली बसले. बसायलाही त्यांना वेळ लागला.

“वहिनी, एक सतरंजी मिळेल?”

गुळवणींच्या बायकोला, सुनंदावहिनींना वाटलं, म्हाताऱ्याला आडवं व्हायचंय. त्यांनी लगबगीनं आणून दिली. उस्तादांनी ती स्टँडखाली सरकवली. खालची फळी अजून बसायची होती, त्यामुळे चार पायांच्या मधे माणूस मावेल एवढी जागा होती.

“झोप.”

“कोण, मी?”

“दमलायस. झोप घटकाभर.”

हरीश हसला. “काय चेष्टा करताय, उस्ताद.”

उस्तादांनी सतरंजीची सुरकुती सारखी केली.

“अरे, झोप की,” गुळवणी म्हणाले. “आम्हाला तर रोज याला खेटून जेवायला बसायचंय.”

हरीश खाली शिरला. छातीवर हात बांधून उताणा पडला.

“डोळे मीट.”

मिटले. लगेच उघडले.

“मीट रे.”

पुन्हा मिटले. पुन्हा उघडले.

उस्तादांना एवढं कुठलं दिसायला, पण मी होते ना. वाकून बघितलं. “तो मागच्या कोपऱ्याकडे बघतोय,” मी सांगून टाकलं.

“काय आहे तिथं?” उस्तादांनी विचारलं.

“जोड आहे,” हरीश म्हणाला.

“आम्हाला तर सापडला नाही.”

“ग्राइंडर मारलाय... वेल्डिंगचा फुगवटा वाईट दिसत होता. घासून सपाट केला.”

“किती?”

“दिसेनासा होईपर्यंत.”

जोड जो धरून राहतो तो त्या फुगवट्यामुळेच. शेडसमोर राहून एवढं मलाही कळतं. मी हळूच टाकीपासून लांब सरकले.

“सगळेच कोपरे घासलेस?”

“सगळे. पण इथं आत हात पोचत नव्हता. वेल्डिंगच कमी पडलं होतं. त्यावर घासलं.”

मला वाटलं, आता उस्ताद भडकणार. पण त्यांनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले... आणि थोड्या वेळानं चक्क घोरू लागले.

हरीश बराच वेळ तसाच पडून होता. मग बाहेर आला. रबरी नळी शोधली, एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडानं ओढून मोरीकडे नेलं. पाणी वाहायला लागलं.

“अहो, आत्ताच तर भरलं!” सुनंदावहिनी ओरडल्या. “बादल्या वाहून माझी कंबर गेली!”

“काढायला लागेल, वहिनी.”

“पडलंय का ते? नाही ना?”

“नाही पडलं.”

तो छिन्नी घेऊन पुन्हा खाली शिरला आणि मागच्या कोपऱ्यातला तो चकचकीत रंग खरवडू लागला. रंगाखाली नखाच्या ओरखड्याएवढी तड्याची रेघ निघाली. ती बघितली आणि गुळवणींनी आपली खुर्ची दाराशी नेऊन ठेवली.

टाकी रिकामी होईतो ऊन उतरलं. हरीश ओल्या कपड्यांनीच उस्तादांजवळ येऊन बसला. त्यांच्या खांद्याला हात लावला.

“उस्ताद...”

“हं.”

“पाणी काढलं. सगळे कोपरे वेल्डिंगनं परत भरतो. फुगवटा दिसला तर दिसू दे.”

“हं.”

“म्हणजे हात काही बसला नाही माझा. तुम्ही शटर ओढणार.”

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

“पाणी काढ म्हणून कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही.”

“मग मला कशाला उठवतोस, बाबा?”