कसरीचा उपास

सुलभाकाकूंच्या देवघरात सासूबाईंच्या माहेरून आलेलं लक्ष्मीचं जुनं छापील चित्र होतं. काच तडकली म्हणून त्यांनी ते दामोदरशेठच्या दुकानात फ्रेमला दिलं. जुन्या चित्रांची पारख जिल्ह्यात आपल्याइतकी कोणालाच नाही, असं शेठ स्वतःच सांगत.

चित्र परत घेताना काकू थबकल्या. लक्ष्मी तीच, पण रंग सपाट वाटत होते.

"शेठ, हे आमचं नव्हे."

शेठ गिऱ्हाइकांकडे बघून हसले. "काकू, पारख माझ्यावर सोडा. हा तुमच्या हातचा कुंकवाचा डाग, आणि हे कोपऱ्यात कसरीनं पाडलेलं भोक. आणखी काय खूण हवी?"

"खुणा अगदी बरोबर आहेत. जरा फ्रेमबाहेर काढून द्या."

कुरकुरत शेठनी चित्र काढून दिलं. काकूंनी ते दारातल्या उन्हात धरलं. भोकातून उजेड येईना. भोक नुसतं छापलेलं होतं.

"आमच्या कसरीनं कागद खाल्ला होता, शेठ," काकू शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या कसरीचा उपास दिसतोय."

दुकानात हशा पिकला. शेठ आतून खरी लक्ष्मी घेऊन आले. काकूंनी तीही उन्हात धरली, तेव्हा भोकातून आलेला कवडसा नेमका शेठच्या नाकावर पडला.