घरगाडीतलं विरजण

“पण महाराज, तुमच्या मठाला अर्थिंग आहे की नाही?”

चिमणगीर गोसावी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. लोकांनी त्यांना आजवर पुष्कळ काही विचारलं होतं. मोक्ष मिळतो का, पुढचा जन्म कुठला, पोरीचं लग्न कधी जमेल. हे मात्र नवीन होतं.

“असंल,” ते म्हणाले. “नसंल बी.”

“असं म्हणून कसं चालेल?”

विचारणारे माधवराव केंजळे, सांगलीचे. त्यांनी एका मोठ्या गाडीचं घर करून घेतलं होतं. आत पलंग, शेगडी, पंखा, छोटा फ्रीज. बाकीचे लोक तिला कॅराव्हॅन म्हणत, केंजळे घरगाडी म्हणत. दसऱ्यानंतर त्यांची बायको शैला गेली आणि तेव्हापासून ते त्या गाडीतून हिंडत होते. एका गावात दोन रात्री काढायच्या नाहीत, असा जणू नेम धरला होता. आज माणदेशातल्या या उघड्या माळावर गाडी लावून ते हातात एक पिवळा डबा घेऊन उभे होते.

“हा सर्ज प्रोटेक्टर,” केंजळे म्हणाले. “गाडीत वीज घ्यायची ती याच्यातून. साधे मिळतात, ते नुसता झटका अडवतात. हा तसला नाही. व्होल्टेज कमी असो, जास्त असो, अर्थिंग नसो, हा वीज आत सोडतच नाही. गाडी निवडायला लागले त्यापेक्षा जास्त दिवस मी याला निवडण्यात घालवले.”

“शाना हाय की,” गोसावी म्हणाले, आणि आणखी एक शेंग फोडली.

केंजळ्यांनी ओट्यावरच्या प्लगमध्ये डबा लावला.

दिवा लाल लागला.

“बघा! तुमची वीज नापास.”

“आमचा पंखा फिरतोय की तिच्यावर.”

“पंख्याचं सोडा. माझ्या गाडीची बॅटरी उतरलीय. कालच्या मुक्कामाला वीज मिळाली नाही. आता फ्रीज बंद पडेल, महाराज…”

“मग तार थेट जोड. मधी डबा कशाला?”

“नाही!”

केंजळे एवढ्या जोरात ओरडले, की गोठ्यातल्या गाईनं मान वर केली. सुरुवातीला एकदा त्यांनी तार थेट जोडली होती. फ्रीज जळता जळता वाचला होता. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. केंजळे तर आता पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

स्वयंपाकघरामागे अर्थिंगचा खड्डा सापडला. एक पाइप, भोवती मीठ-कोळशाची माती, आणि मातीला बोट जाईल एवढ्या भेगा.

“ओलाव्याशिवाय अर्थिंग चालत नाही. याला पाणी कधी घातलं होतं?”

“पाऊस घालतो.”

“आणि चैत्रात?”

गोसावी आत गेले. पिण्याच्या पाण्याची कळशी घेऊन आले.

“एवढीच हाय. टँकर उद्या येतो.”

“अहो, मग नको…”

“घाल.”

केंजळ्यांनी पाणी ओतलं. माती आवाज करत प्यायली.

अर्थिंग जुळलं तरी डबा लगेच विश्वास ठेवणारा नव्हता. तो थोडा दम खातो, वीज पारखतो, मगच आत सोडतो. दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिले. एक साठीतला, एक ऐंशीच्या घरातला, आणि दोघांच्या मध्ये एक लाल दिवा.

हिरवा लागला. गाडीतून फ्रीजची घरघर ऐकू आली आणि केंजळ्यांचा जीव भांड्यात पडला.

“आता एक विचारतो, महाराज. हसू नका. मनासाठी असं काही असतं का? बाहेरून काहीही आदळो, आत झटका बसू नये असं?”

“हाय की. तू लावलायस.”

केंजळ्यांनी डब्यावरची धूळ पुसली.

“हा डबा कशापायी?” गोसाव्यांनी विचारलं.

“फ्रीज जपायला.”

“फ्रीज?”

केंजळ्यांनी गाडीकडे पाहिलं. सांगावं की न सांगावं, असं झालं त्यांना. मग सांगितलं.

“आत एक वाटी आहे. शैलाच्या हातचं विरजण. तिच्या आईकडून आलेलं. रोज रात्री ती दूध विरजायची आणि सकाळी चमचाभर बाजूला काढायची. एक दिवस खाडा नाही. ती गेली त्या सकाळी ओट्यावर दही लागलेलं होतं… मी त्यातलं वाटीभर गोठवून ठेवलं. तेवढंच राहिलंय तिच्या हातचं.”

“आन् त्ये इरजण कशापायी?”

“म्हणजे?”

“डबा फ्रीजपायी. फ्रीज इरजणापायी. इरजण कशापायी?”

केंजळ्यांनी पुन्हा गाडीकडे पाहिलं.

“दही न्हाई लावलंस?”

“गाडी सारखी चालते. हलत्या भांड्यात दही लागत नाही, महाराज. आणि नाहीच लागलं तर? मग तर सगळंच…”

“गाडी थांबव.”

एवढं बोलून गोसावी उठले, गाईची धार काढली, दूध तापवलं. कोमट झाल्यावर पातेलं आणून केंजळ्यांपुढे ठेवलं.

“कालच मांजरानं आमचं दही सांडलं. इरजण न्हाई मठात. उद्या दुपारी येणाऱ्याला ताक-भाकरी द्यावी लागंल. दे.”

“तुम्ही दुसरं काहीही मागा.”

“ऊन उतरलंय. दिवा लागला की मी इरजण मागणार न्हाई, आन् तूबी देऊ नये. घरची रीत ठाऊक असंल तुला.”

ठाऊक होती. दिवेलागणीनंतर शेजारीण आली, तर शैला हसून म्हणायची, “आता नाही हं, सकाळी या.” तो आवाज केंजळ्यांच्या कानात इतका स्पष्ट उमटला, की ते ओट्याला टेकले. तिला एकदा, फक्त एकदा, पुन्हा तसं दारात उभं बघायला मिळावं म्हणून त्यांनी आपलं उरलेलं सगळं आयुष्य देऊन टाकलं असतं.

गोसाव्यांनी पणतीत वात घातली. काडी हातात धरली. ओढली नाही.

केंजळे गाडीत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात झाकणाची स्टीलची वाटी होती. अर्धं द्यावं म्हणून त्यांनी चमच्यानं टोचून पाहिलं, पण गोळा दगडासारखा, फुटेना. शेवटी वाटी उलटी केली. सगळाच गोळा दुधात पडला.

मग गोसाव्यांनी पणती लावली.

सकाळी केंजळ्यांनी झाकण उचललं. दूध पातळ. जसंच्या तसं.

“संपलं,” ते म्हणाले. “दोनदा गेली ती. पहिल्यांदा देवानं नेली, आता तुम्ही. एवढ्या मुक्कामांवर कुणाचा झटका आत येऊ दिला नाही मी, आणि तुमच्या ताकासाठी…”

गोसाव्यांनी झाकण परत ठेवलं. आपल्या खांद्यावरची घोंगडी काढून पातेल्याभोवती गुंडाळली.

“हलवू नगंस,” एवढंच म्हणाले.

केंजळ्यांनी गाडी सुरू केली. बंद केली. पातेल्याजवळ येऊन बसले. टँकर आला, गेला. गोसाव्यांनी पहिली कळशी खड्ड्यात ओतली. केंजळ्यांनी डब्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गोसाव्यांनी घोंगडी सोडली.

दही लागलं होतं. घट्ट, वर पिवळसर साय.

केंजळ्यांनी बोटावर घेऊन चाखलं. तीच चव. गोडसर, आणि मागाहून किंचित आंबट… सहा महिने जे अडवून धरलं होतं, ते डोळ्यांतून वाहू लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

रडणं ओसरल्यावर त्यांनी ती स्टीलची वाटी धुतली, कोरडी पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

“महाराज, एवढी वाटी द्या. ठेवायला.”

गोसाव्यांनी वाटी घेतली. काठोकाठ दही घातलं. त्यात भाकरी कुस्करली, वर मीठ टाकलं आणि वाटी केंजळ्यांपुढे ठेवली.

“आधी जेव,” ते म्हणाले. “राहील त्ये इरजण.”