तिसऱ्या वर्षाचा भाव

एकदा एक म्हातारा कारागीर होता. अडकित्ते घडवायचा. जन्मभर दुसरं काही केलं नाही आणि त्याची त्याला खंतही नव्हती. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार, पण घाईचा. वस्तादाचा माल चार गावांच्या पलीकडं जात नाही, हे शिष्याला सलत असे. म्हणून त्यानं इंटरनेटवर अडकित्त्यांचं दुकान उघडलं आणि दुकानाला वस्तादाचंच नाव दिलं.

आता इंटरनेटवरच्या दुकानाचं नाव ही अजब चीज आहे. ते कायमचं विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं. वर्ष सरलं की पुन्हा पैसे भरायचे. न भरले तर नाव मोकळं. ज्याला हवं त्यानं उचलावं. अशी नावं देणारा एक व्यापारी तालुक्याला बसे. पहिल्या वर्षी त्यानं चहा-भज्यांच्या पैशात नाव दिलं, वर हसून शिष्याच्या हातावर पेढा ठेवला. दुसऱ्या वर्षी थोडं वाढवलं. तोवर नागपूर-बेळगावची माणसं त्या नावावर अडकित्ते मागवू लागली होती. तिसऱ्या वर्षी त्यानं बोकडाची किंमत सांगितली.

शिष्य तालुक्याला धावला.

"शेठ, तुमच्या शेजारचा दुकानदार अजून चहा-भज्यांतच नाव देतोय की!"

"मग जा त्याच्याकडं. बाजार मोकळा आहे. मी काय कुणाचा हात धरलाय?"

"नाव घेऊन जाऊ?"

"खुशाल. नाव हलवायला किल्ली लागते. किल्ली म्हणजे आकडे-अक्षरांची एक खूण. अर्ज करा, पंधरा दिवसांत देतो."

"मुदत तर आठ दिवसांत संपतेय!"

"तेच सांगतोय. भरून टाका. उद्या हे नाव भलत्याच कुणी उचललं आणि त्यावर पत्र्याचे अडकित्ते विकले, तर शिव्या म्हाताऱ्याला बसतील."

शिष्य तोंड पाडून परत आला. वस्ताद भट्टीपाशी बसला होता. सगळं ऐकून घेतलं.

"चोर आहे तो, वस्ताद! गळ्याला फास लावून वर म्हणतो बाजार मोकळा आहे. पण काय करणार? भरावेच लागतील."

नागपूरला धाडायचे चाळीस अडकित्ते पेटीत तयार होते. ती पेटी वस्तादानं पुढं ओढली, छिन्नी घेतली, आणि एकेका अडकित्त्याचा सांध्यातला खिळा तोडून फेकू लागला.

"वस्ताद! महिन्याचं काम आहे ते!"

"खिळे कुणी ठोकले?"

"मी."

"दोन्ही तोंडं चेपून?"

अडकित्त्याचे दोन्ही पाय एका खिळ्यावर फिरतात. धार गेली की खिळा काढायचा, पातं घासायचं, खिळा परत बसवायचा. वस्तादाचा खिळा कुठल्याही गावचा लोहार काढू शके. शिष्यानं मात्र वर्षभरापासून खिळे असे चेपले होते, की ते फक्त याच भट्टीवर निघावेत. गिऱ्हाईक जाईल कुठं? येईल झक मारत.

"परवा टाकळीची म्हातारी आली होती," वस्ताद म्हणाला. "दोन एसट्या बदलून. मला वाटलं, मायेनं आली. तिनं अडकित्ता माझ्यापुढं आदळला. म्हणाली, 'सोडव बाबा मला ह्यातनं.' साठ वर्षांत असं मला कुणी बोललं नव्हतं. ऐक लेका. ज्याला दुसरीकडं जाता येतं आणि तरी तो आपल्याकडं येतो, तो गिऱ्हाईक. ज्याला जाताच येत नाही, तो दावणीचा बैल. त्याच्या येण्याचा कसला मान? त्या व्यापाऱ्यानं तुला पेढा दिला, कारण तेव्हा तू उंबऱ्याबाहेर होतास आणि बाहेर दहा दुकानं होती. आत घेतलं आणि दार लावलं. त्याला बाजार म्हणत नाहीत, वेठ म्हणतात. नाव मोठं झालं ते माझ्या घणानं आणि तुझ्या धावपळीनं. त्यात त्याचा एक तरी घाव आहे का? मग वाढीव कशाचं मागतो? पण हे त्याला सांगायचं कुठल्या तोंडानं? आपणही तेच करत होतो. आता खिळे मोकळे झाले. आता भांडायला तोंड आहे. चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं व्यापाऱ्याच्या दारात.

"किल्ली दे," वस्ताद म्हणाला.

"आजोबा, नियमानं पंधरा दिवस..."

"बरं. बसतो मग."

आणि तो पायरीवरच बसला. कनवटीची सुपारी काढून कातरू लागला. तेवढ्यात मसाले विकणारी एक बाई आली, तिलाही नाव हवं होतं.

"पहिल्या वर्षाचं काय सांगितलं, बाई?"

"अगदी स्वस्त आहे हो, बाबा."

"आणि तिसऱ्या वर्षाचं?"

बाई थबकली. आत गेली, विचारलं, बाहेर आली. "सांगत नाही तो."

"मग कळलं ना," वस्ताद म्हणाला. बाई चपला घालून चालती झाली. पाठोपाठ एक फोटोवाला परतला, मग एक वकीलसाहेब. म्हातारा एवढा एकच प्रश्न विचारी आणि सुपारी कातरी.

व्यापारी बाहेर आला. "आजोबा, धंदा मोडताय माझा!"

"मी काय केलं? बाजार मोकळा आहे. मी काय कुणाचा हात धरलाय?"

"पोलिसाला बोलावीन!"

"बोलाव. त्यालाही विचारतो."

पंधरा दिवसांची किल्ली अर्धी सुपारी कातरून व्हायच्या आत निघाली. शिष्यानं शेजारच्या दुकानी जाऊन नाव हलवलं. वस्तादानं बजावल्याप्रमाणं आधी पुढच्या पाच वर्षांचा भाव कागदावर लिहून घेतला, मगच पैसे दिले.

"चला वस्ताद, काम झालं," तो परत येऊन म्हणाला.

म्हातारा हलला नाही. "तुझं झालं."

शिष्यानं वळून पाहिलं. पायरी चढून एक नवा माणूस येत होता. हसतमुख, आतल्या पेढ्याकडं निघालेला. शिष्याला वर्षभरात विकलेले सगळे चेपलेले खिळे आठवले. घरी गेल्यावर एकेका गिऱ्हाइकाला कळवायचं होतं, की पाठवून द्या, फुकट बदलून देतो. पण ते घरी गेल्यावर. तो वस्तादाशेजारी पायरीवर बसला आणि येणाऱ्या माणसाला म्हणाला,

"दादा, जरा थांबा. तिसऱ्या वर्षाचा भाव विचारलात का?"