फक्त बाहेरून

"पण पाकीट उघडलंच नाही, तर त्याला वाचणं कसं म्हणायचं, बाबा?"

कमालबाबा दर्ग्याच्या ओट्यावर चादरीची सुटलेली किनार शिवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणाचं पाकीट?"

"कुणाचंही. तीन लाख घरांचं इंटरनेट आमच्या कंपनीतून जातं. आमचं यंत्र बाहेरून बघतं. कुठून निघालं, कुठं गेलं, किती वाजता, केवढं. आतलं कुलूप आम्हाला उघडताही येत नाही. तरी लोक ओरडतात, कायदा करा म्हणतात. उद्या सरकारी समितीपुढं मला हेच सांगायचं आहे."

"मग सांग की. त्यासाठी एवढ्या पायऱ्या कशाला चढलास?"

वैराळे हसले. कंपनीत त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे.

"माझी बायको येते तुमच्याकडं. शरयू. दर गुरुवारी."

"तिनं सांगितलं?"

"...नाही. फोनवरून कळलं. तो कुठं जातो, ते दिसतं."

सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"म्हणजे घरचंही पाकीट आहे तर."

वैराळे ओट्याच्या कडेला टेकले. मग त्यांनी सांगितलं.

त्यांची मुलगी केतकी जाऊन आठ महिने झाले होते. तिचा फोन तिच्या खोलीत, टेबलावर, चार्जरला लावलेला. शरयू तो काढू देत नसे. महिन्यापूर्वी जुन्या नोंदी चाळताना वैराळ्यांना यंत्रात स्वतःचं घर दिसलं. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शरयूच्या फोनवरून केतकीच्या फोनला काहीतरी जात होतं. कॉलेज सुटलं की केतकी त्याच वेळेला आईला कळवायची.

"जाऊ दे की. आई आहे ती."

"जाण्याचं काही नाही, बाबा. परत यायचं."

बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

"फोन आपसूक पोचपावती धाडतो, एवढीशी. ही ती नव्हती. कधी कधी तर पाठवलेल्यापेक्षा मोठं. सात महिने, एक दिवस चुकला नाही."

"तीच लिहीत असेल, दोन्हीकडून."

"मलाही तेच वाटलं. पण त्या वेळी ती शाळेत असते, वर्गावर. खोलीला कुलूप. किल्ली माझ्या खिशात... घरात कोणी नसतं, बाबा."

ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. तरी वैराळ्यांनी आवाज खाली आणला.

"मी कुणाजवळ बोललो नाही. तिच्याजवळही नाही. फक्त रोज चार वाजता यंत्रापुढं जाऊन बसायला लागलो."

"मग?"

"पहिल्याच दिवशी थांबलं. शरयूकडून जातं. तिकडून काही येत नाही. महिना झाला. ती जेवत नाही. परवा शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणतात, अशानं ही राहायची नाही..." ते थांबले. "मी कशालाही हात लावलेला नाही, बाबा. फक्त बाहेरून पाहिलं."

बाबांनी चादर बाजूला ठेवली. कानातला अत्तराचा फाया काढला आणि त्याचे दोन तुकडे केले.

"हे मी कानांत घालतो. मला काही ऐकू येणार नाही. तू लेकीशी बोल. मी बाहेरून बघतो. ओठ केव्हा हलले, किती वेळ हलले, एवढंच."

"आत्ता? इथं?"

बाबांच्या कानांत बोळे बसले होते. ते मांडी घालून समोर बसले, आणि पाहू लागले.

वैराळ्यांना हसू आलं. मग ते हसू गेलं.

"के..."

बाबांची नजर त्यांच्या ओठांवर होती. त्या नजरेत राग नव्हता. उत्सुकताही नव्हती. पापणी लवत नव्हती.

त्यांनी डोळे मिटले. पुन्हा तोंड उघडलं. ओठ जड झाले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

ते पाठ फिरवून बसले. आता ती नजर मानेवर होती.

उन्हं एका पायरीवरून खालच्या पायरीवर गेली.

बाबांनी कानांतले बोळे काढले.

"दोनदा तोंड उघडलंस. एकदा पाठ फिरवलीस. आत काय होतं, मला माहीत नाही."

वैराळ्यांनी रुमालानं मान पुसली. रुमाल ओला झाला.

"उद्या समितीला काय सांगू?"

"मी कुठं आहे तुझ्या समितीत? जे झालं ते सांग."

"घरातलं?"

"तीन लाखांपैकी दुसरं कुठलं घर तुला ठाऊक आहे?"

वैराळे उठले. दोन पायऱ्या उतरले. तिसरीवर थांबून वळले.

"बाबा... मी पाहणं सोडलं, तर तिकडून पुन्हा येईल?"

बाबा सुईत नवा दोरा ओवत होते. दोनदा तो हुकला.

"लेकीचा नंबर तुझ्याकडंही असेल ना... आठ महिन्यांत तू काय लिहिलंस तिला?"